पेनांग: आधी गाडे, मग देवळं

सातारा-सांगलीकडून निघणाऱ्या मलेशियाच्या सहलींत पेनांग बेट बहुतेक वेळा नसतंच. क्वालालंपूर, गेंटिंग, लंकावी, पुढे सिंगापूर, की सहल संपली. पेनांग असलंच तर एका मुक्कामाचं: सकाळी पेनांग हिल, दुपारी केक लोक सी हे बौद्ध देऊळ, मग जॉर्ज टाउन या मुख्य शहरातली भिंतचित्रं आणि संध्याकाळी गर्नी ड्राइव्हला तासभर मोकळा वेळ. जेवण मात्र दोन्ही वेळा ठरलेल्या भारतीय हॉटेलात, पनीर आणि दाल फ्राय. सहलवाल्यांची अडचण कळते. चाळीस माणसांत दहा शाकाहारी, चार जणांचा चातुर्मास, दोघांना मासळीचा वास चालत नाही. पण अख्ख्या मलेशियातून लोक ज्या गावी केवळ खायला येतात, तिथे पनीर खाऊन परतायचं असेल तर एवढ्या लांब जायचं कशाला? पाचपैकी गुण द्यायचे तर या छापाच्या सहलीला दोन. हेच पेनांग स्वतः आखून तीन मुक्काम केलं तर साडेचार. अर्धा गुण उकाड्याने खाल्ला.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करायला हवी. इथले गाडे दिवसभर उघडे नसतात. सकाळचे वेगळे, दुपारचे वेगळे, रात्रीचे वेगळे, आणि प्रत्येकाची आठवड्याची सुट्टी निराळ्या वारी. त्यामुळे स्थळांच्या वेळा बघून मधल्या वेळात खायचं ठरवलं की हमखास बंद शटर दिसतं. उलटं करा. गाड्यांच्या वेळा धरा आणि त्यांच्या आसपासची ठिकाणं बघा. देवळं-किल्ले कुठे पळून जात नाहीत.

सकाळी रोटी चनाई, म्हणजे पदरांचा पराठा, आणि कोपी, म्हणजे कॉफी. दुपारी अकरा ते पाचच्या दरम्यान लाक्सा (रश्श्यातल्या शेवया) आणि चेंडोल (बर्फाचा गोड पदार्थ). संध्याकाळी साडेपाचनंतर न्यू लेन, चुलिया स्ट्रीट, किंबर्ली स्ट्रीट आणि गर्नी ड्राइव्ह. यांत गर्नी ड्राइव्ह सगळ्यात मोठं, पार्किंगच्या सोयीचं आणि म्हणून सहलींचं आवडतं. आमच्या मते चवीला चौघांत शेवटचं. न्यू लेन, म्हणजे लोरोंग बारू, हा एक रस्ताच आहे. संध्याकाळी दोन्ही बाजूंनी गाडे लागतात आणि टेबलं डांबरावर येतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथून सुरुवात करावी.

ऑर्डर देण्याची पद्धत साताऱ्याच्या राजवाडा चौपाटीसारखीच, एक फरक सोडून: टेबल कुठल्याच गाड्याचं नसतं. आधी टेबल धरा, त्याचा नंबर बघा, मग ज्या-ज्या गाड्यावरचं हवं तिथे जाऊन पदार्थ आणि नंबर सांगा. प्लेट टेबलावर येते, पैसे आल्यावर द्यायचे. पेय मात्र जागेच्या मालकाकडचं. त्याचा माणूस स्वतः विचारायला येतो. पेय घेतलं नाही तर काही ठिकाणी माणशी थोडे सेन (रिंगिटचे सुटे पैसे) आकारतात, तशी पाटी असते. हुज्जत घालू नका, जागेचं भाडं त्यातूनच निघतं. प्लेट लहान असतात. चौघांनी चार वेगळे पदार्थ एकेक मागवून वाटून खावेत आणि मग पुढच्या गाड्याकडे वळावं. एकाच जागी पोट भरलं की संध्याकाळ संपली.

चार क्वे त्याव हा इथला सगळ्यात गाजलेला पदार्थ. तांदळाच्या रुंद, चपट्या शेवया भडक आचेवरच्या कढईत परततात. आधी चरबी आणि लसूण, मग शेवया, सोया सॉस आणि मिरचीचं वाटण. सगळं एका कडेला सारून मोकळ्या जागेत अंडं फोडतात, कोळंबी टाकतात, आणि शेवटी मोड आलेले मूग, चायनीज पात आणि शिंपल्यांचं मांस. शिंपलं अर्धवटच शिजवायचं असतं, जास्त झालं की रबर होतं. सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा. चांगला गाडेवाला एका वेळी एकच प्लेट करतो, फार तर दोन. चार-पाच प्लेट एकदम टाकल्या की कढई थंड पडते, शेवया परतल्या न जाता स्वतःच्या वाफेत शिजतात, चिकट होतात आणि तो धुरकट, किंचित करपलेला वास येत नाही. म्हणून रांग बघून कंटाळू नका. रांग असूनही प्लेटा झपाझप निघत असतील, तिथेच शंका घ्या.

आता महत्त्वाचं. चिनी गाड्यावरची ही चरबी बहुधा डुकराची असते, वर तिचे कुरकुरीत तुकडे आणि चिनी सॉसेजही असतं. चालत नसेल तर 'हलाल' पाटीचा गाडा शोधा, तिथे तेलात करतात. नुसतं 'नो पोर्क' सांगितलं तर तुकडे काढून देतील, कढईतली चरबी तीच राहील.

कोकणी जिभेचा माणूस असाम लाक्साच्या प्रेमात पडतो. रस्सा बांगड्याचा, इथे त्याला इकान केंबोंग म्हणतात. आंबटपणा चिंचेचा आणि असाम केपिंग नावाच्या वाळवलेल्या फोडींचा. हे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं. नारळाचं दूध नाही. गवती चहाची कांडी, आल्यासारखं गलंगल, लाक्साचा पाला आणि एका जातीच्या आल्याची गुलाबी कळी यांनी वास बांधलेला. गाडेवाला वाडग्यात तांदळाच्या जाड शेवया घेतो, त्यांवर उकळता रस्सा ओततो, परत पातेल्यात निथळतो, पुन्हा ओततो. तीन-चारदा असं केल्यावर शेवया आतपर्यंत तापतात आणि मगच शेवटचा रस्सा. वर काकडी, कांदा, अननस, पुदिना. सोबत चमच्यात काळी, गोडसर चटणी देतात ती हे को, कोळंबीची. ती एकदम ढवळू नका. आधी रस्सा तसाच चाखा, मग थोडी थोडी मिसळा. पूर्ण चमचा पहिल्याच घासाला गेला तर आंबटपणा मारला जातो आणि वाडगं गोड होऊन बसतं.

तिखटाची धास्ती घेऊन कुणी जाऊ नये. आपल्याकडच्या तांबड्या रश्श्यावर वाढलेल्याला इथलं तिखट सौम्यच वाटेल. अडचण होते ती बेलाचानची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या जवळ्याच्या वडीची. ती जवळजवळ प्रत्येक सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, असते. शाकाहारी माणूस फसतो तो इथेच. रोजाक बघा: पेरू, अननस, काकडी, कैरी, वरून शेंगदाण्याचा कूट. दिसायला फळांची चाट, पण तो काळा घट्ट सॉस कोळंबीचा. परतलेली कांगकोंग नावाची पालेभाजीही बहुधा बेलाचान घालूनच. 'व्हेज आहे का' एवढं विचारून भागत नाही, कारण भाजी आहे म्हणून तो 'हो'च म्हणतो. 'बेलाचान नको, मासे नको, कोळंबी नको' असं एकेक नाव घेऊन सांगायचं.

पक्क्या शाकाहाऱ्यांसाठी दोन वाटा. एक म्हणजे लिटल इंडियातली तमिळ खानावळ, केळीच्या पानावर भात. दुसरी, जी सहलवाले कधीच दाखवत नाहीत, ती चिनी बौद्ध शाकाहारी दुकानांची. यांच्या पाटीवर बरेचदा स्वस्तिक असतं. कडक पाळणारे कांदा-लसूणही वापरत नाहीत, त्यामुळे जैन मंडळींचीही सोय होते. अंडं आहे का, एवढं मात्र विचारून घ्यावं. मांसासारखं दिसणारं जे असतं ते सोयाबीन किंवा गव्हाच्या चिकाचं. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक जण शाकाहार पाळतात, त्या दिवशी इथे लवकर जा.

नासी कांदार, म्हणजे कालवण-भात, याची सुरुवात कावडीत भात आणि कालवण घेऊन हिंडणाऱ्या तमिळ मुसलमान विक्रेत्यांनी केली. भातावर चार-पाच कालवणं एकत्र ओततात, त्याला बांजिर म्हणायचं. चव तिथेच आहे. पण त्यात 'दागिंग' म्हणजे बहुधा गोमांसाचं कालवण असतं आणि पळी एका पातेल्यातून दुसऱ्यात फिरते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी नुसतं कोंबडीचं मागण्यापेक्षा हा प्रकार सोडलेला बरा. रोटी चनाईवरही न विचारता मिसळलेलं कालवण ओततात, म्हणून 'दाल सहाजा', फक्त डाळ, असं आधीच सांगा. रोटी तव्यावरून काढली की दोन्ही तळव्यांनी कडेकडून आपटून पदर मोकळे करतात. तसं न केलेली, ढिगाऱ्यात पडून राहिलेली रोटी घेऊ नका, ती चामट होते.

चेंडोल सगळ्यांना चालतं. किसलेला बर्फ, नारळाचं दूध, ताडगूळ, लाल राजमा आणि पांदानच्या सुवासिक पानांनी हिरव्या केलेल्या पिठाच्या शेवया. पेनांग रोडच्या कडेच्या लेबुह केंग क्वी या बोळातला गाडा १९३६ पासूनचा. रांग मोठी दिसते पण भराभर सरकते. उभ्याने खायचं आणि लगेच: पाच मिनिटांत बर्फाचं पाणी होतं आणि सगळं फिकट पडतं. गूळ तळाशी बसतो, तेव्हा आधी ढवळा. दुपारच्या उन्हात ओस पडलेल्या गाड्यावर घेऊ नका, नारळाचं दूध उन्हात नासायला वेळ लागत नाही. शिवाय जायफळाचं सरबत चुकवू नये. आपण बी आणि जायपत्री घेतो, इथे वरच्या गराचं सरबत करतात. कोपी मागाल तर कन्डेन्स्ड मिल्क घालून येते. बिनदुधाची 'कोपी-ओ', साखरही नको तर पुढे 'कोसोंग'.

आता ठिकाणं. पेनांग हिल, केक लोक सी आणि आयेर इताम बाजाराजवळचा लाक्सा एकाच बाजूला आहेत, ते एका दिवसात बसतात. जॉर्ज टाउनच्या फेरी जेटीवरून २०४ नंबरची बस थेट टेकडीच्या पायथ्याशी जाते. दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे १९२३ सालची, सध्याचे डबे २०११ नंतरचे. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत परतीची रांगही तासभर लागू शकते. सकाळी लवकर वर, दहाच्या सुमारास खाली. तिथून केक लोक सी, त्याचा सात मजली पॅगोडा आणि करुणेची देवी क्वान यिन हिची ३० मीटरची कांस्यमूर्ती. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या टप्प्यासाठी लिफ्ट घ्यावी. मग बाजारात उतरून लाक्सा. महाबळेश्वर-पाचगणी अंगणात असलेल्या सातारकराला टेकडीचं अप्रूप तसं कमीच. वेळ कमी असेल तर तीच गाळा, लाक्सा नको.

जॉर्ज टाउन २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि ते पायीच बघायचं. आर्मेनियन स्ट्रीटवरचं सायकलवरच्या मुलांचं भिंतचित्र २०१२ सालचं; नऊनंतर फोटोला रांग लागते. खू कोंगसी या घराण्याच्या सभागृहाचं १९०६ सालचं कोरीवकाम तिकीट काढून बघण्यासारखं. च्यू जेटीवरच्या लाकडी खांबांवरच्या घरांत माणसं राहतात, उघड्या दारातून कॅमेरा घालू नये. फोर्ट कॉर्नवॉलिस किल्ला म्हणून आपल्याला बुटका वाटणार. पण नाव बघा: टिपूविरुद्ध मराठ्यांशी हातमिळवणी करणारा तोच कॉर्नवॉलिस. आणि समोरच्या किनाऱ्याला इंग्रजांनी १८०० साली प्रॉव्हिन्स वेलस्ली म्हटलं, ते वसईच्या तहाच्या वेळी गव्हर्नर जनरल असलेल्या रिचर्ड वेलस्लीवरून.

पोचण्यासाठी क्वालालंपूरहून तासाभराचं विमान, नाहीतर ईटीएस या जलद रेल्वेने साधारण चार तासांत समोरच्या किनाऱ्यावरचं बटरवर्थ आणि तिथून फेरी. फेरीचं भाडं नाममात्र आणि बेटाचं पहिलं दर्शन पाण्यावरून होतं, म्हणून रेल्वेच बरी. शनिवार-रविवारची तिकिटं लवकर संपतात. भारतीयांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत ३० दिवसांसाठी व्हिसा लागत नाही. पण पोचण्याच्या तीन दिवस आधीच्या मुदतीत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर बंद करा, आणि सहलवाल्याने त्याचा वेगळा आकार लावला असेल तर कशाबद्दल ते विचारा.

रिंगिट, म्हणजे मलेशियाचं चलन, वीस रुपयांहून थोडा जास्त पडतो. रोटी दोन-अडीच रिंगिट, चेंडोल पाचच्या आसपास, लाक्सा सहा ते आठ, चार क्वे त्याव आठ ते बारा. दिवसाला माणशी ५० रिंगिटांत पोट तुडुंब भरतं. बऱ्याच गाड्यांवर रोकडच चालते, १०० ची नोट पुढे केली की गाडेवाला वैतागतो. सकाळीच एखाद्या दुकानात मोडून घ्या. चिनी नववर्षात चिनी गाडे काही दिवस बंद, रमजानमध्ये मुसलमानांची बरीच दुकानं दिवसा बंद आणि संध्याकाळी खास बाजार. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस जोरात असतो आणि उघड्यावरचे गाडे तेव्हा लागतीलच असं नाही. जून-जुलैत गेलात तर ड्युरियन या उग्र वासाच्या फळाचा हंगाम. हॉटेलात तो न्यायला बंदी असते आणि दंडही होतो, म्हणून विकत घेतलेल्या जागीच उभ्याने खायचा. हातमोजे तेच देतात.