गेम चालेल का, हे विकण्याआधी तपासून देणारं नौपाड्यातलं दुकान

ठाण्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. पाटी छोटी, जिना अरुंद, शनिवारी संध्याकाळी टेकायला जागा नसते. तरी लॅपटॉपचं काहीही असलं तर मी याच दुकानात जा म्हणेन.

लेकीला ‘स्टारड्यू व्हॅली’ हवा होता. शेती करायची, कोंबड्या-गायी पाळायच्या, मासे धरायचे, गावात ओळखी वाढवायच्या. एरिक बॅरोन नावाच्या माणसाने एकट्याने बनवलेला, २०१६ साली आलेला हा गेम. घरात माझा जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम (चालू कामासाठीची मेमरी), वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एका मोठ्या शोरूममध्ये विचारलं, तर लॅपटॉपकडे न बघताच “गेमिंगसाठी नवीनच घ्या मॅडम.”

इथल्या दादांनी आधी विंडोजच्या ‘रन’मध्ये डीएक्सडायग (लॅपटॉपची माहिती दाखवणारी कमांड) टाईप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. “ताई, तुम्हीच वाचा.” गेमला लागतं २ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, २ जीबी रॅम, २५६ एमबी ग्राफिक्स मेमरी आणि ५०० एमबी जागा. कागदावर आम्ही पास. पण दादा तिथे थांबले नाहीत, आणि मला हे दुकान आवडलं ते यासाठीच. विंडोज ६४ बिट आहे का पाहिलं, कारण गेमच्या नव्या आवृत्त्यांना तेच लागतं. विंडोज ७ असतं तर गोष्ट वेगळी होती; स्टीमने, म्हणजे जिथून गेम घ्यायचा त्या ऑनलाइन दुकानाने, १ जानेवारी २०२४ पासून त्याचा सपोर्ट बंद केलाय. मग कोण किती रॅम वापरतंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. नुसता चालू असलेल्या लॅपटॉपवर ब्राउझर आणि अँटिव्हायरस मिळून निम्म्याहून जास्त रॅम खात होते. वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्सही त्याच रॅममधून वाटा घेतं, त्यामुळे कागदावरचे ४ जीबी गेमच्या वाट्याला येतच नाहीत.

मागचं झाकण उघडलं तर रॅमचा एक स्लॉट रिकामा. तिथे पहिल्यासारखीच ४ जीबीची स्टिक बसवली. रॅम दुप्पट झालीच, शिवाय दोन स्टिक जोडीने चालल्या की अशा लॅपटॉपच्या ग्राफिक्सलाही वेग येतो. पैसे फक्त स्टिकचे घेतले, तपासणीचे नाही, आणि बिल न मागता दिलं.

गेम घेतल्यावर खरी परीक्षा कशी घ्यायची ते लेकीने शोधलं. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर पैसे परत मागता येतात. गेममधला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा, आणि पहिल्या वसंतात तिसऱ्या दिवशी पाऊस ठरलेला. म्हणजे पडद्यावर हालचाल वाढवणारा पाऊसही मुदतीच्या आत बघून होतो. आमच्याकडे तो न अडखळता पडला.

‘द सिम्स ४’चंही विचारलं होतं. २०२२ पासून मूळ गेम फुकट आहे, तेव्हा उतरवून बघा, पण थ्रीडी असल्यामुळे ‘स्टारड्यू’पेक्षा बराच जड जाईल, असं दादांनी स्पष्ट सांगितलं. हे सांगून त्यांना काही मिळणार नव्हतं.

जाणार असाल तर दुपारी जा आणि चार्जर न्या. बॅटरीवर बरेच लॅपटॉप मुद्दाम हळू चालतात, म्हणून दादा चार्जर लावल्याशिवाय तपासत नाहीत.