डेनालीवरची छोट्या विमानाची फ्लाईट, काही महिन्यांनंतर

जूनमध्ये आईबाबा अमेरिकेत आमच्याकडे आले होते तेव्हा अलास्काला गेलो आणि टॉकीटना गावाहून डेनाली पर्वताची फ्लाईट केली. रिव्ह्यू मुद्दाम आत्ता लिहितोय, कारण परत आल्या आल्या सगळंच भारी वाटतं. आता डिसेंबर आलाय आणि मत तेच आहे: पैसे जास्त जातात, पण ग्लेशियर लँडिंगवालीच घ्या, म्हणजे विमान हिमनदीवर उतरतं ती.

टॉकीटना अँकरेजहून गाडीने अडीच तास. एक दिवस हातात जास्तीचा ठेवाच, आमची पहिली फ्लाईट ढगांमुळे रद्द झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची मिळाली. उन्हाळ्यात येणाऱ्यांपैकी साधारण तिघांतल्या एकालाच शिखर दिसतं म्हणतात, आम्हाला दिसलं. उंची २०,३१० फूट, पण खरी गंमत म्हणजे पायथ्यापासून हा डोंगर जवळपास १८,००० फूट वर उठतो, एव्हरेस्टपेक्षाही जास्त, कारण एव्हरेस्टचा पायथाच मुळात उंचावर आहे.

विमान ऑटर, एकच इंजिन, दहाएक माणसं, प्रत्येकाला खिडकी. आधी सगळ्यांची वजनं विचारतात आणि त्यावरून कोण कुठे बसणार ते ठरतं. हेडसेटमधून पायलट माहिती देतो पण आमच्यात खरखर इतकी होती की बाबांना निम्मं कळलंच नाही, ते जरा खटकलं.

रूथ गॉर्ज नावाच्या दरीत शिरलो आणि सगळे गप्प. दोन्ही बाजूंना ग्रॅनाईटच्या भिंती, बर्फापासून जवळजवळ ५,००० फूट. कोकणकड्यावर झोपून खाली बघताना पोटात गोळा येतो ना, तसाच इथे आला, फक्त कडा खाली नाही तर खिडकीच्या वर गेलेला, मान वाकडी करून बघायचा.

मग विमानाच्या स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या पट्ट्या, खाली आल्या आणि विमान चढावर उतरलं, हो चढावरच, म्हणजे वेग आपोआप कमी होतो आणि निघताना उतारावरून पळतं. आपल्या बुटांवर चढवायला मोठे ओव्हरबूट देतात. शिडी अरुंद आणि उभी आहे, बाबांचे गुडघे दुखतात, पण पायलटने हात धरून सावकाश उतरवलं. आईने ग्लव्ह काढून बर्फ मुठीत घेतला, दाणेदार, ओला, आणि "अगं बाई, हा तर खरखरीत आहे" म्हणत तिथेच उभी राहिली. बर्फावर मिळालेला वेळ फारच कमी वाटला. गॉगल पाहिजेच, डोळे उघडत नाहीत. फोटोंसाठी काळे कपडे घाला, पांढरा शर्ट काचेत दिसतो, आमचे कितीतरी फोटो त्यात गेले. पण लँडिंगचा व्हिडिओ आई पुण्यात अजून येईल त्याला दाखवते.

शिखराजवळून जाणारी वेगळी फ्लाईट पण असते, ती २०,००० फुटांपर्यंत जाते, केबिन प्रेशराइज्ड नसतं म्हणून ऑक्सिजन लावतात. आईला बीपी आहे म्हणून आम्ही ती घेतली नाही. वय झालेलं कोणी बरोबर असेल तर डॉक्टरांना विचारूनच बुक करा.