मुक्काम मरोळ नाक्याला, फिरणं भुयारी मेट्रोनं: सात महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे. पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग करतो. गिऱ्हाईक बरंचसं मुंबईत, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी रात्रीची कोल्हापूर-मुंबई महालक्ष्मी एक्स्प्रेस ठरलेली. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात उद्योग वसाहतीजवळ एक पार्टी, बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) दुसरीचं हेड ऑफिस, फोर्टात एक एक्स्पोर्टर. एकाच दिवशी तिन्ही गाठायचं म्हटलं की पूर्वी आदल्या रात्रीपासून पोटात गोळा यायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि मी मुंबईतली मुक्कामाची जागाच बदलली. त्याला सात महिने झाले, चौदा-पंधरा फेऱ्या झाल्या. आमच्याकडून जाणाऱ्या बऱ्याच जणांना हाच त्रास आहे हे माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मी नकाशावर पार्टीचं ऑफिस शोधायचो आणि त्याच्या जवळचं हॉटेल घ्यायचो. मुंबईत हा हिशेब चालत नाही. बीकेसीच्या मीटिंगसाठी एकदा अंधेरी-कुर्ला रोडवर उतरलो होतो. अंतर सहा-सात किलोमीटर. सकाळी साडेनऊला टॅक्सीत बसलो, साकीनाक्यालाच वीस मिनिटं गेली, पोचायला सव्वा तास लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये तर कहर झाला. सायनचा पूल नुकताच बंद झालेला, त्यात पाऊस. सव्वासहाला बीकेसीतून निघूनही सीएसएमटीला महालक्ष्मी चुकली. मग चेंबूरला मैत्री पार्कपाशी भिजत उभा राहून रात्रीची खासगी बस पकडली आणि सकाळी तसाच कारखान्यात गेलो.

तेव्हापासून हॉटेल बघण्याआधी स्टेशन बघतो. मरोळ नाका निवडायचं कारण असं की मेट्रो-३ आणि २०१४ पासून चालू असलेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो तिथे एकमेकींना भेटतात. एका बाजूनं अंधेरी, म्हणजे पश्चिम रेल्वे. दुसऱ्या बाजूनं घाटकोपर, म्हणजे मध्य रेल्वे. सीप्झ दोन स्टेशनांवर, विमानतळाचं टी-२ पुढचंच स्टेशन, बीकेसी पंधरा-वीस मिनिटांत. सीएसएमटीला पाऊण तास धरतो आणि तो पाऊण तासच लागतो. सकाळी नऊला निघा नाहीतर संध्याकाळी सहाला, फरक पडत नाही. अख्ख्या ३३.५ किलोमीटरचं तिकीट ७० रुपये. पूर्वी फोर्टात जायला टॅक्सीला जे मोजायचो, त्यात आता माझा पूर्ण दौरा होतो.

पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. मी पार्टीला ‘अकराला येतो’ म्हणतो आणि अकराला पोचतो. दराची बोलणी करताना माणूस घामाघूम, अर्धा तास उशिरा आलेला असला की त्याचा आवाज आपोआप खाली जातो. हे मी वर्षानुवर्षं अनुभवलंय.

आता हॉटेलचं. स्टेशनपासून चालत पाच मिनिटांच्या आतलंच घ्यायचं. पण फोनवर हेही विचारायचं की मेट्रोच्या कोणत्या गेटमधून बाहेर पडायचं आणि रस्ता ओलांडावा लागतो का. बॅग घेऊन तो अंधेरी-कुर्ला रोड ओलांडणं नको वाटतं. खोली मागच्या बाजूची मागायची, पुढच्या खोल्यांत रात्री दीडपर्यंत हॉर्न ऐकू येतात. विमानांचा आवाज मात्र कुठेही घ्या, येतोच; तिसऱ्या मुक्कामाला सवय झाली. मला साधारण चार हजारांत स्वच्छ खोली आणि नाश्ता मिळतो.

कोल्हापूरकरांचा खरा प्रश्न चेक-इनचा. गाडी सकाळीच पोचते आणि हॉटेलची वेळ दुपारी दोनची. पहिल्या एका हॉटेलात साडेआठला काउंटरवर उभा होतो. बुकिंग करताना ‘सकाळी खोली देऊ’ म्हणाले होते. पोरगा मान वर न करता म्हणाला, “साहेब, दोन वाजता या.” अकराची मीटिंग होती. लॉबीच्या बाजूच्या टॉयलेटमध्ये, ओल्या फरशीवर बुटांवर बॅग ठेवून शर्ट बदलला, बेसिनवर दाढी केली. आता आदल्या दिवशी दुपारी स्वतः फोन करतो, बोलणाऱ्याचं नाव विचारतो आणि ‘सकाळी साडेआठ, खोली तयार’ एवढा मेसेज त्याच्याकडून मागवून घेतो. मेसेज हातात असला की काउंटरवरची भाषा बदलते. जास्तीचे पाचशे-सातशे मागितले तर देतो. एवढं जमणार नसेल तर सीएसएमटीवरच झोपायच्या पॉडची (छोट्या कप्प्यासारख्या खोलीची) सोय आहे. दोन-तीन तास पाठ टेकून, अंघोळ करून तिथूनच फोर्टात जाता येतं. मी दोनदा केलंय, सोय चांगली वाटली.

बिलाचं एक सांगायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी ५ टक्के झाला, आधी १२ होता. पण ५ टक्के लावणाऱ्या हॉटेलला स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) मिळत नाही, त्यामुळे काही ठिकाणी मूळ भाडंच थोडं वर सरकलंय. बुकिंगच्या वेळी कर धरून एकूण आकडा विचारा.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. सकाळी साडेआठ ते दहा घाटकोपरहून येणाऱ्या मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते. त्या वेळी मी तिकडची भेट ठेवतच नाही. बीकेसीत स्टेशनातून बाहेर आल्यावर ऑफिसपर्यंतचं शेवटचं अंतर उन्हात चालायची तयारी ठेवावी लागते. रात्री दहानंतर मरोळला जवळच्या भाड्याला रिक्षावाले तयार होत नाहीत. आणि फोर्टात जेवण लांबलं तर घड्याळावर नजर ठेवावी लागते, कारण शेवटची मेट्रो साधारण साडेदहाची.

आमच्या धंद्याची एक खास अडचण स्टेशनवरच्या स्कॅनरची. सहा किलोचा लोखंडी व्हॉल्व्ह बॉडीचा नमुना बॅगेत असला की पडद्यावर नुसता काळा गोळा दिसतो. पहिल्यांदा सीएसएमटीला बाजूला घेतलं, “काका, ह्यात काय आहे?” बॅगेतले कपडे काढून, वर्तमानपत्र सोडून दाखवेपर्यंत मागे रांग लागली. आता नमुना सगळ्यांत वर, पारदर्शक पिशवीत, त्यावर डिलिव्हरी चलन चिकटवलेलं. बॅग पट्ट्यावर ठेवतानाच सांगतो, “कास्टिंग आहे, पंपाचं.” गेल्या महिन्यात मरोळच्या गार्डनं चलनावरचं शिरोली वाचलं आणि विचारलं, “हातकणंगल्याजवळचं का? माझी बहीण दिली आहे तिकडं.” बॅग उघडायला लावली नाही.