एका पट्टीसाठी अख्खा हेडलाइट : डीआरएल आणि फॉग लॅम्पचा चौतीस महिन्यांचा अनुभव

जुलै 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या वॉचमनने मला फाटकाशी थांबवून सांगितले, "साहेब, गाडीचा एक डोळा मिटलाय." उतरून पाहिले तर डाव्या हेडलाइटमधली डीआरएलची (डेटाइम रनिंग लाइट, म्हणजे दिवसाही आपोआप लागणारा पुढचा दिवा) पट्टी गेली होती. सर्व्हिस सेंटरने माझ्या हातात 31,400 रुपयांचे एस्टिमेट ठेवले, कारण ती पट्टी सुटी मिळत नाही, संपूर्ण हेडलाइट असेंब्लीच बदलावी लागते. याच गाडीच्या फॉग लॅम्पचा, म्हणजे धुक्यासाठीच्या दिव्याचा, बल्ब मी वर्षभरापूर्वी 350 रुपयांना आणून घरच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलला होता. हे दोन आकडे शेजारी मांडल्यापासून माझी चिडचिड कमी झालेली नाही, तेव्हा पुढचा मजकूर त्या बेताने वाचावा.

गाडी 2022 च्या दसऱ्याला घेतली. खालच्या व्हेरिएंटला हे दोन्ही दिवे नव्हते, आणि वरच्या व्हेरिएंटसाठी जे 62,000 रुपये जास्त मोजले त्यात मला नको असलेली अलॉय व्हील्सही गळ्यात पडली. पहिले दोन-तीन महिने मी पुण्यातल्या बहुतेकांसारखाच वागलो, म्हणजे संध्याकाळी कर्वे रस्त्यावरसुद्धा हेडलाइटच्या जोडीला फॉग लॅम्प लावून हिंडलो. ओल्या डांबरावर पडलेला हा खालचा प्रकाश परावर्तित होऊन समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जातो, हे स्वतः एकदा भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून डेक्कनहून कोथरूडला येईपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. शहरात त्यांचा उपयोग शून्य, हे मत तेव्हा झाले आणि आजही ते बदललेले नाही.

ताम्हिणीने मात्र मला फॉग लॅम्पबद्दल गप्प केले. ऑगस्ट 2023 मध्ये माणगावहून परतताना घाटात ढग रस्त्यावर उतरले होते. हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राही, लो बीमवर ती थोडी मागे सरके, एवढाच फरक. याचे कारण साधे आहे : वरून जाणारा प्रकाश आपल्या नजरेच्या रेषेतल्या धुक्याच्या थेंबांवर पडतो आणि ते तो आपल्याकडेच परत फेकतात. फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली बसवलेला असतो, त्याचा झोत रुंद आणि चपटा असून वरच्या कडेला सरळ कापलेला असतो, त्यामुळे तो नजरेसमोरचे धुके फारसे न उजळता खाली रस्त्यावर सरपटत जातो. लांबचे काही दिसत नाही, पण डांबराची कड, तिथली पांढरी रेघ आणि घाटाच्या बाजूचा कठडा दिसतो, आणि ताशी पंचवीसच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला त्या वेळी तेवढेच हवे असते.

पिवळ्या बल्बचा प्रयोगही केला. पिवळा प्रकाश धुके "कापतो" असे दुकानदार सांगतात, त्यात तथ्य नाही, कारण धुक्याचा थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतका मोठा असतो की तो सगळ्या रंगांना जवळपास सारखेच विखुरतो. निळा भाग गाळला गेल्यामुळे डोळ्यांना कमी टोचते, हे मात्र मला जाणवले. फ्रान्समध्ये तर 1993 पर्यंत हेडलाइटसुद्धा पिवळेच सक्तीचे होते. प्रयोग करणाऱ्यांना एकच सांगणे आहे. माझ्या गाडीत 19 वॅटचा बल्ब लागतो, आणि दिसायला जवळपास तसाच असणारा 55 वॅटचा बल्ब, खाच जराशी तासून, बसवून देणारे लोक आहेत. त्या उष्णतेने प्लास्टिकचा रिफ्लेक्टर वितळतो. वाचवलेले पैसे असे जाळू नयेत.

डीआरएलबद्दल सुरुवातीला माझे मत "दागिना" असे होते. तेही मला बदलावे लागले. सासुरवाडी साताऱ्याची असल्यामुळे महिन्यातून एकदा तरी त्या रस्त्यावर जाणे होते, आणि भर पावसात, दुपारी तीनच्या करड्या उजेडात, आरशात मागून येणाऱ्या गाड्यांपैकी ज्यांना डीआरएल आहे त्या खूप आधी कळतात. राखाडी रंगाची बिनदिव्याची गाडी अगदी जवळ येईपर्यंत रस्त्याचाच भाग वाटते. स्वीडनने 1977 मध्येच दिवसा दिवे सक्तीचे केले, युरोपीय संघाने फेब्रुवारी 2011 पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना डीआरएल बंधनकारक केले, आणि आपल्याकडे एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू राहतो तो याच कारणाने. हा दिवा आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नसतो, आपण इतरांना दिसावे म्हणून असतो.

पण इतरांना म्हणजे कोणाला? फक्त समोरच्यांना. माझा खरा आक्षेप इथे आहे, आणि तो 31,400 रुपयांपेक्षाही मोठा आहे. डिसेंबर 2024 मध्ये एका संध्याकाळी साताऱ्याहून येताना मेहुणा त्याच्या गाडीतून माझ्या मागे होता. कात्रजचा नवा बोगदा ओलांडल्यावर पुढे चहाला थांबलो तेव्हा तो उतरता उतरता म्हणाला, "भावोजी, मागचे दिवे का बंद ठेवलेत? बोगद्यात तुमची गाडी मला दिसत नव्हती." मी दिवे लावलेच नव्हते. डीआरएल इग्निशनबरोबर आपोआप लागतात, पण त्यांच्याबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. जुन्या गाडीत दिवे लावल्याशिवाय मीटर अंधारात असायचा, म्हणून चूक लगेच कळायची. या गाडीत स्क्रीन आणि मीटर सदैव उजळलेले असतात, पुढे थोडा पांढरा उजेड पडलेला असतो, बोगद्यात दिवे असतातच, आणि चालकाची खात्री होते की आपले सगळे चालू आहे. पाठीमागे मात्र गाडी काळोखात, आणि तीही बोगद्यातून नवले पुलाच्या उतारावर, जिथे मागून भरलेले ट्रक येतात.

गंमत म्हणजे फॉग लॅम्प असे करू देत नाही. माझ्या गाडीत पार्किंग लाइट लावल्याशिवाय तो लागतच नाही, आणि पार्किंग लाइट लागले की मागचे दिवे लागतात. ऑटो हेडलाइट ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते ऑटोवरच ठेवावेत, त्यांना हा त्रास नाही. माझ्या व्हेरिएंटमध्ये, ते 62,000 मोजूनसुद्धा, ते नाहीत. दिव्याच्या दांडीचा पहिला टप्पा फिरवायची सवय लावून घ्यायला मला दोन महिने लागले.

आता बिघाडाकडे. जुलै 2024 मध्ये, म्हणजे दोन वर्षांची वॉरंटी संपायला तीन महिने असताना, डाव्या काचेच्या आत दव साचलेले मी दाखवले होते. "सर, पावसाळ्यात होतं, हेडलाइट लावून ठेवा, सुकेल," असे सांगून जॉब कार्डवर "निरीक्षणाखाली" असा शेरा मारला गेला. थोडे दव साचणे सामान्य असते हे खरे, पण ते तास-दोन तासांत जायला हवे, आणि खाली टिचभर पाणी डुगडुगत असेल तर ते दव नव्हे. वर्षभराने त्याच पाण्याने पट्टीचे सर्किट खाल्ले, तेव्हा तेच जॉब कार्ड पुढे केल्यावर "त्या वेळी पट्टी चालू होती ना सर?" हे उत्तर मिळाले. तीन वेळा खेटे घातले, दोन ई-मेल केले. निष्पन्न एवढेच, की लेबरमध्ये 10 टक्के सवलत देऊ केली गेली.

शेवटी नाना पेठेत गेलो. तिथल्या एका गाळ्यात पंचविशीतल्या मुलाने बंपर सैल करून हेडलाइट काढला, काचेच्या कडेने हीट गन फिरवली, आणि पातळ पट्टीने हळूहळू काच उचकटली, तेव्हा आतले काळे सीलंट गुळाच्या पाकासारखे तारा सोडत सुटत गेले. आत बोटभर लांबीचे एक हिरवट पडलेले सर्किट होते, पट्टीला वीज पुरवणारे, ज्याला ड्रायव्हर म्हणतात. "काका, पट्टी चांगली आहे, हा ड्रायव्हर गेलाय." दोन तास, 2,600 रुपये, त्यात हवा खेळण्याच्या मागच्या नळीची टोपीही नवी, जी मुळात निसटलेली असल्याने पाणी शिरत होते. ती टोपी वर्षापूर्वी कोणी बोटाने चाचपून पाहिली असती तर हा लेख झाला नसता.

तेव्हापासूनच्या पावसात काच कोरडी आहे. दोन्ही पट्ट्या लागतात, फक्त नव्या ड्रायव्हरमुळे डावी उजवीपेक्षा किंचित जास्त प्रखर दिसते, आणि वॉचमनच्या ते लक्षात आलेले आहे. उजवीचाही ड्रायव्हर बदलून जोडी जुळवून देतो, आणखी 2,600 होतील, असे तो मुलगा म्हणाला होता. उजवी अजून चालू आहे, त्यामुळे मी नको म्हटले.