सीजिओ: कोडी सोडवणाऱ्यांचं ॲप

जिओकॅशिंगमध्ये, म्हणजे लपवलेले डबे (कॅश) जीपीएसनं शोधण्याच्या खेळात, माझा जीव कोड्यांच्या कॅशांत. त्यांच्यासाठी मला सीजिओ मनापासून आवडतं. अँड्रॉइडवरचं हे ॲप मोफत आणि मुक्त स्रोत आहे.

कोड्याच्या कॅशला नकाशावर दिसणारी खूण फसवी असते. खरा डबा साधारण 3.2 किलोमीटरच्या आत कुठंतरी असतो आणि उत्तराशिवाय तो सापडत नाही. इथं सीजिओचं गणकयंत्र कामी येतं. अक्षांश-रेखांशात अ, ब, क च्या जागी आकडे भरत गेलं, की बिंदू आपोआप मिळतो. अमुक दिशेला अमुक मीटर, असं प्रक्षेपणही होतं. ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे आधीच उतरवून ठेवले, तर रेंज नसलेल्या रानातही अडत नाही. कॅशांभोवती 161 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढता येतं. प्रत्यक्ष डब्यांमध्ये किमान तेवढं अंतर लागतंच, त्यामुळे उत्तर शेजारच्या कॅशच्या वर्तुळात पडलं तर मी गणित पुन्हा तपासते.

आयफोनवाल्यांसाठी हे ॲप नाही. सेटिंग्ज खूप आहेत, नवख्याला पहिल्यांदा जड जातील.

सोडवलेलं उत्तर मी खाजगी टिपणातच ठेवते. लॉगमध्ये (शोधाच्या जाहीर नोंदीत) इशारा देणं किंवा डब्याच्या जागेचा फोटो टाकणं मला अजिबात पटत नाही. कुणीतरी रात्र-रात्र बसून ते कोडं रचलेलं असतं. अडलात तर कॅश लपवणाऱ्या मालकालाच निरोप पाठवा, बहुतेक जण आनंदानं दिशा दाखवतात.