स्पिंडल ड्राइव्हच्या फॉल्टमागे मेगर घेऊन: काही महिन्यांच्या वापरानंतर

सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) मशीनचा स्पिंडल, म्हणजे टूल किंवा जॉब फिरवणारा दांडा, ओव्हरकरंटचा अलार्म देऊन थांबला की पॅनलभोवती जमलेल्यांचं निदान ठरलेलं असतं: ड्राइव्ह (मोटारला वीज पुरवून तिचा वेग सांभाळणारा भाग) गेला. मग ड्राइव्ह उतरवून दुरुस्तीला जातो, तिकडून ‘यात काही दोष नाही’ असा निरोप येतो, आणि परत बसवला की पुन्हा तोच अलार्म. अलार्म फक्त एवढंच सांगतो की करंट मर्यादेबाहेर गेला. तो ड्राइव्हमधल्या आयजीबीटी मॉड्यूलमुळे (वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचमुळे) गेला, मोटारच्या वाइंडिंगमुळे, केबलमुळे की जाम झालेल्या बेअरिंगमुळे, हे आपल्यालाच शोधावं लागतं. वाइंडिंग आणि केबल यांचा प्रश्न जागेवरच मिटावा म्हणून हातात मावणारा डिजिटल इन्सुलेशन टेस्टर, म्हणजेच मेगर, घेतला; तो जास्त व्होल्टेज लावून वायरींच्या आवरणाचा रोध मोजतो. 250, 500 आणि 1000 व्होल्टच्या रेंज, शिवाय लो-ओहम मोजायची सोय. आता तो माझ्या बॅगेत मल्टिमीटरच्या शेजारी कायमचा बसला आहे.

आधी सुरक्षेचं, कारण ते सोडून पुढचं काहीच बोलण्यात अर्थ नाही. 415 व्होल्टच्या सप्लायवर ड्राइव्हची डीसी बस (आतली डीसी पुरवठ्याची पट्टी) साधारण 585 व्होल्टला असते आणि मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. टेस्टर जिवंत सर्किट ओळखून इशारा देतो, ते उत्तमच. पण मी त्या इशाऱ्यावर विसंबत नाही. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबायचं, मग मल्टिमीटरने पी आणि एन (डीसी बसची धन आणि ऋण टोकं) यांच्यात मोजायचं, आणि त्यानंतरच हात घालायचा. दुसरी अट म्हणजे यू, व्ही, डब्ल्यू या मोटारकडे जाणाऱ्या तिन्ही वायर ड्राइव्हपासून सोडवल्याशिवाय मेगर मारायचा नाही. 500 व्होल्ट ड्राइव्हच्या आउटपुटवर गेले तर चांगला ड्राइव्ह खराब होऊ शकतो. एन्कोडर (वेग आणि स्थिती सांगणारा सेन्सर) आणि थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) यांच्या वायरींना तर मेगरचा प्रोब लावायचाच नाही.

या टेस्टरचा खरा कस लागला तो एका व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर). स्पिंडल सकाळी व्यवस्थित चालायचा आणि काही जॉबवर मधूनच ट्रिप व्हायचा. ड्राइव्ह बदलून झाला होता, पॅरामीटर तपासून झाले होते. पॅनलमध्ये वायरी सोडवून 500 व्होल्टवर अर्थिंगशी इन्सुलेशन मोजलं तर साठेक मेगाओहम आले. यावर कुणीही ‘ठीक आहे’ म्हणून पुढे गेलं असतं. पण ट्रिप व्हायचे ते जॉब खोल कापाचे होते, म्हणजे हेड खाली असताना. म्हणून वायरी परत जोडल्या, झेड अक्ष (हेड वर-खाली नेणारा) खाली आणला, मशीन बंद करून, वायरी सोडवून तीच मोजणी पुन्हा केली, आणि आकडा अर्ध्या मेगाओहमच्या खाली आला! मोटारचा टर्मिनल बॉक्स उघडून केबल वेगळी केली, तर एकटी मोटार दोनशेच्या वर आणि दोष सगळा केबलचा. ड्रॅग चेनच्या (हलत्या केबल सांभाळणाऱ्या साखळीच्या) वळणावर तिचं आवरण चिरलं होतं आणि आत कूलंट मुरलं होतं. इतके दिवस ड्राइव्हवर आळ होता आणि तो बिचारा आपलं संरक्षणाचं काम चोख करत होता.

आकडा वाचायचा कसा, यासाठी फॅनुक या सीएनसी कंपनीच्या सर्व्हो मोटारींच्या मॅन्युअलमधला तक्ता मला सर्वांत कामाचा वाटतो. 500 व्होल्टवर 100 मेगाओहम किंवा जास्त असेल तर चांगलं. 10 ते 100 म्हणजे झीज सुरू झाली, लक्ष ठेवा. 1 ते 10 म्हणजे बरीच झीज. 1 च्या खाली असेल तर मोटार बदला. तापमानाची नोंद मात्र हवीच, कारण वाइंडिंग साधारण 10 अंशांनी तापलं की इन्सुलेशनचा रोध निम्म्यावर येतो. गार मोटारीचा जुना आकडा आणि गरम मोटारीचा आजचा आकडा यांची तुलना करून उगाच घाबरायला नको. या टेस्टरमध्ये एक मिनिटाचा टायमर आणि बटण लॉक करायची सोय आहे, त्यामुळे वाचन दर वेळी एकाच पद्धतीने होतं. मोजणी संपली की तो साठलेला चार्ज स्वतःच उतरवतो आणि व्होल्टेज शून्याकडे जाताना स्क्रीनवर दिसतं. मला ही सोय फार आवडते.

लो-ओहम रेंजचा उपयोग मी धरला होता त्याहून जास्त झाला. स्पिंडल मोटारच्या दोन फेजमधला रोध इतका कमी असतो की साध्या मल्टिमीटरवर लीडचाच रोध वाचला जातो. इथे लीड शून्य करून घेता येतात आणि ओहमचा शंभरावा भाग दिसतो. स्टार-डेल्टा बदल करणाऱ्या (वाइंडिंगची जोडणी दोन प्रकारे बदलणाऱ्या) मोटारीत एका कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळालेले होते, ते तीन वाचनांतलं एक वेगळं आल्यामुळेच सापडलं.

तक्रारीही आहेत. निवडीच्या चकतीवर 500 आणि 1000 इतके लगत आहेत की हातमोजे घालून चुकीच्या खुणेवर जायला वेळ लागत नाही; मी बटण दाबण्याआधी स्क्रीनवरचा आकडा वाचतोच. शॉपफ्लोअरच्या आवाजात बीप ऐकू येत नाही. सोबतच्या मगरक्लिप जाड लग्जवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्यांवर) नीट बसत नाहीत, म्हणून मोठ्या क्लिप वेगळ्या घ्याव्या लागल्या. मेमरीत वाचन साठतं, पण त्याला मशीनचं नाव देता येत नाही, त्यामुळे वही सुटत नाही.

आणि याच्या आवाक्याबाहेरचं बरंच काही आहे. ब्रेक लावताना येणारा ओव्हरव्होल्टेज, तुटलेला ब्रेकिंग रेझिस्टर, एन्कोडर केबलच्या शील्डमुळे येणारा नॉइज, यांपैकी कशातही मेगर मदत करत नाही. आयजीबीटी शॉर्ट आहे का, हे पाहायला मल्टिमीटरचा डायोड मोडच लागतो: यू, व्ही, डब्ल्यूपासून पी आणि एनकडे सहा वाचनं, सगळी जवळपास सारखी यायला हवीत. ती सारखी आली आणि मेगरचे आकडेही चांगले आले, तर मी ड्राइव्हला हात न लावता एन्कोडरच्या कनेक्टरकडे वळतो.