खानापूर ते कित्तूर: चॅरिटी सायकल राइडचा दुसरा दिवस

राइड तशी तीन-चार दिवसांची आहे, पण मी लिहितेय ते फक्त दुसऱ्या दिवसाबद्दल. पैसे वसूल होतात ते त्याच दिवशी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातून निघायचं, नंदगड, हलशी आणि पुढं बिडीवरून कित्तूर. खर्च वजा जाता उरलेली फी जंगलाकडच्या गावांतल्या शाळकरी मुलींच्या सायकलींसाठी जाते. हिशेबाचा कागद मागितला तर दाखवतात, एवढं आधीच सांगून ठेवते.

आता तक्रार. पत्रकावर निघायची वेळ सहाची. सव्वासात वाजले तरी आम्ही मंगल कार्यालयाच्या अंगणात हेल्मेट घालून शाली बघत उभे. कुणी आजी सदस्य, कुणी माजी, कुणी भावी. प्रत्येकाला हार आणि प्रत्येकाचे 'दोन शब्द'. जानेवारीत खानापुरातली सकाळ सायकलवाल्याला मिळते कधी? मलप्रभेवर धुकं, ऊन नाही, उसाचे ट्रॅक्टर अजून रस्त्यावर यायचेत. ती सगळी भाषणात गेली. वर प्रत्येकाच्या हातात कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, डबा! कुंद्याला माझी ना नाही, बेळगावातल्या शहापूरची आहे मी, पण सायकलवर तो ठेवायचा कुठं? शेवटी सगळे डबे मागच्या टेम्पोत.

एकदा चाकं फिरली की मात्र नाव ठेवायला जागा नाही. लाल माती, वीटभट्ट्या, मधेच काजूची झाडं. पहिला थांबा नंदगडला, कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीजवळ. इंग्रजांनी त्यांना 26 जानेवारी 1831 ला याच गावात फाशी दिलं. केळी, गूळ-शेंगदाणे आणि लिंबू सरबत; सरबतात मीठ हात न आखडता घातलेलं, जे बहुतेक ठिकाणी विसरतात. आणि बायकांसाठी एका शाळेची स्वच्छतागृहं उघडून, बादल्या भरून, दाराला नवीन कडी बसवून ठेवलेली. पुरुष मंडळींना यात काय एवढं असं वाटेल. मी याचा एक स्टार जास्त दिलाय.

हलशीच्या अलीकडं माझं मागचं चाक बसलं. टेम्पोतून मेकॅनिक मामा उतरले. ट्यूब बदलायची घाई केली नाही त्यांनी. टायरच्या आतून फडकं फिरवलं, जिथं ते अडकलं तिथं बोट ठेवलं आणि पकडीनं बाभळीचा काटा ओढून काढला. बाहेरून दिसतसुद्धा नव्हता.

"हा आत ऱ्हायला असता तर नवी ट्यूब पण गेली असती बघ."

"मामा, चेन पण आवाज करालीया."

"करू दे की. तू पॅडल मार."

तरी जाता जाता दोन थेंब तेल सोडलंच. एक उणं: सव्वीस इंची ट्यूब त्यांच्याकडं मोजक्याच होत्या, बाकी सगळ्या सातशेच्या, म्हणजे नव्या सायकलींच्या मोठ्या चाकांच्या. जुनी सायकल असेल तर आपली ट्यूब बरोबर घ्या.

हलशीत भरपूर वेळ देतात, हे फार चांगलं. ही कदंब राजांची जुनी राजधानी, तेव्हाची पलाशिका. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मधे उभं राहिलं की कुणाला पाठ करायची हा प्रश्न. जेवण गावातल्या बायकांनी केलेलं: भाकरी, झुणका, ठेचा, ताक, नंतर भात-आमटी. पनीर नाही, गुलाबजाम नाही, म्हणूनच जेवल्यावर सायकल चालवता आली.

दुपारनंतरचा रस्ता त्रासाचा. डबल ट्रॉलीचे उसाचे ट्रॅक्टर, त्यावर फुल्ल आवाजात गाणी. मागून कितीही घंटा वाजवा, त्याला ऐकू जाणार नाही. वळणांवरचे चुन्याचे बाण चाकांनी पुसलेले. दोन फाट्यांवर माणूस उभा होता, तिसऱ्यावर नव्हता, आणि आमच्यातले चौघं तिथंच चुकले. कित्तूरला पोचेतो संध्याकाळ झाली. 1824 मध्ये राणी चन्नम्मांनी इंग्रजांना हरवलं तो किल्ला नीट बघायचा राहिला. सकाळचा तो सव्वा तास इथं उपयोगी पडला असता.

पाचपैकी चार. पुढच्या वर्षी नाव घालणारच आहे. संयोजकांना सांगितलंय, हार घालायचेच असतील तर संध्याकाळी कित्तुरात घाला.